पावतीमागचं जग

नोव्हेंबर २०२५. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या एका जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर आली होती. माझ्या ओळखीचे एक काका सकाळपासून त्या रांगेत होते. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत पहिल्या वेचणीची बोंडं झाडावरच काळी पडली होती, गाडीत होता तो मागाहून फुटलेला कापूस. नंबर आला तेव्हा व्यापाऱ्याच्या माणसानं गाडीत कोपरापर्यंत हात घातला, तळातला मूठभर कापूस ओढून काढला, तळहातावर दाबून पाहिला, सरकी दाताखाली धरली आणि "ओल हाये काका" म्हणत भाव सांगितला. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. काकांना मिळाला तो त्याहून हजारानं कमी. सरकारी खरेदीला जायचं तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पेऱ्याची नोंद, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणि मग तारखेची वाट. इकडं वेचणीच्या बायांची मजुरी थकली होती. काकांनी पावती घेतली, तिची चौघडी करून बंडीच्या खिशात घातली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमी लई वाचता. सांगा बरं, हे हजार रुपये नेले कुणी?"

काका गाडी रिकामी करायला गेले. मी तो प्रश्न घेऊन घरी आलो. युक्रेनचं युद्ध, अमेरिकेचं आयात शुल्क, ढाका आणि काठमांडूतले तरुण, साखरेचा काळा इतिहास, असं बरंच काही त्या वर्षभरात मी वाचलं होतं. वाचताना मन रमलं होतं, कधी हादरलंही होतं. पण त्या वाचनातून काकांच्या पावतीकडं जाणारी वाट मी कधी शोधली नव्हती. त्या रात्री ती शोधायला बसलो आणि लक्षात आलं, की उत्तराचे बरेचसे तुकडे आधीच वाचून झाले होते. जोडून पाहिले नव्हते एवढंच.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर चढाई केली. युरोपनं रशियाचं तेल हळूहळू बंद केलं, ते स्वस्तात आशियाकडं वळलं आणि भारतानं ते मोठ्या प्रमाणावर घेतलं. त्याचा ठपका ठेवून अमेरिकेनं भारतीय मालावर आधीच्या २५ टक्के शुल्कावर आणखी २५ टक्के चढवले. २७ ऑगस्ट २०२५ पासून ते एकूण ५० टक्के झालं. तिरुपूर, सुरत, नोएडा इथल्या कपड्यांच्या निर्यातदारांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. त्यांना दिलासा म्हणून केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं. आधी मुदत ३० सप्टेंबरची होती, ती पुढं ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे ज्या महिन्यांत मराठवाड्याचा कापूस घरात येतो, नेमक्या त्याच महिन्यांत परदेशी गाठींना दार सताड उघडं. गिरण्यांना पर्याय मिळाला की देशी कापसाच्या भावाला उठाव राहत नाही, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

काकांचे हजारच्या हजार रुपये मॉस्को आणि वॉशिंग्टननं नेले, असं मी म्हणत नाही. काही पावसानं नेले, काही ओलाव्याच्या नावाखाली गेले, काही घरात साठवायला जागा नाही आणि मजुरी थकलीय या अडचणीनं नेले. पण त्यातला एक वाटा असा होता, ज्याचा निर्णय हजारो कोसांवर झाला आणि ज्यात काकांचं नावही कुणाच्या मनात नव्हतं. तो वाटा पावतीवर छापलेला नसतो. तो वाचता येणं, हे मला आजच्या बीड जिल्ह्यातल्या वाचणाऱ्या माणसाचं पहिलं काम वाटतं. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे: जगाचं राजकारण, संस्कृती, समाज याविषयी आपण जे काही वाचतो, ते आपल्या हातातल्या पावतीपासून सुरू करून वाचलं पाहिजे आणि पुन्हा त्या पावतीपर्यंत आणून सोडलं पाहिजे.

आपल्याकडं जगाची चर्चा कमी होत नाही. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात चहाच्या कपावर पुतिन, ट्रम्प, इस्रायल, इराण सगळे येऊन जातात. पण ती चर्चा बहुतेक वेळा जत्रेतल्या कुस्तीसारखी असते: कोण भारी, कोणी कुणाला चीत केलं. त्याच टेबलावर पाच मिनिटांनी विषय बदलतो आणि आपला कोण, त्यांचा कोण, कुणाच्या समाजाला काय मिळालं याची बोलणी सुरू होतात. जगाचा विषय तमाशा म्हणून आणि गावाचा विषय जात म्हणून. या दोहोंच्या मध्ये जे आहे, म्हणजे भाव, मजुरी, कर्ज, स्थलांतर, नोकरी, त्याला चर्चेत जागाच उरत नाही. आणि आपलं नुकसान नेमकं त्या मधल्या जागेत होतं.

ही गोष्ट आजची नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडं तोंड वळवलं. वऱ्हाड-खानदेशात पैसा वाहिला. कापूस बंदरावर लवकर पोचावा म्हणून पुढं १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटाही गेला. पण युद्ध संपलं तसा भाव कोसळला. तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जं तशीच राहिली, त्यात सरकारी साऱ्याची भर पडली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि तो वणवा नगर जिल्ह्यातही पसरला. त्यांनी माणसं फारशी मारली नाहीत. त्यांनी मागितले ते कर्जरोखे, आणि हाती लागले ते जाळले. आपल्या गळ्याला फास कागदाचा आहे हे त्यांना पक्कं कळलं होतं. पण त्या कागदावरच्या आकड्याला अमेरिकेतल्या रणांगणाचीही हवा लागलेली आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा नव्हताच. आज दीडशे वर्षांनी सांगणारे आहेत, माहिती खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. तरीही आपण फक्त शेजारच्या दुकानाकडं पाहत असू, तर तो दोष आता अज्ञानाचा राहत नाही.

जाता जाता एक तुलना. खामगावला १८७० साली गेलेली रेल्वे निजामी राजवटीतल्या आणि नंतरच्या बीड शहराला कधी मिळाली? १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली तेव्हा. जगाला ज्या मालाची घाई होती त्याच्यापर्यंत रूळ आधी गेले. माणसांची घाई कुणालाच नव्हती.

आता साखरेकडं येतो, कारण बीडचं जगाशी सगळ्यात खोल नातं साखरेचं आहे.

दसरा झाला की वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार, केज या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, पत्र्याची पेटी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, वर बांधलेली शेळी आणि मधोमध दीड-दोन वर्षांचं लेकरू. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली पोरं. मुकादमानं उन्हाळ्यात-पावसाळ्यात दिलेली उचल फेडायची असते. या धंद्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. माणसांची गणती हत्यारावर होते, आणि बाईची वेगळी गणतीच होत नाही. फडाच्या कडेला कोपी बांधायची, पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, रात्री-बेरात्री गाडी आली तर तेव्हाही भरायच्या. एक दिवस पडला तर खाडा धरला जातो आणि उचलीवर चढतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, हेच.

पाळीतही खाडा परवडत नाही, पोट दुखतं, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. अशा बायकांना गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला मिळत गेला. २०१९ साली हा विषय वृत्तपत्रांतून राज्यापुढं आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहा बायकांमागं एक. त्यांतल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या. २०२४ च्या मार्च महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'नं यावर मोठा वृत्तान्त छापला आणि महाराष्ट्रातली ही साखर जगभर खपणाऱ्या शीतपेयांच्या कंपन्यांपर्यंत कशी जाते, ते दाखवलं. जगानं बीडची दखल घेतली. पण ज्या बाईचं गर्भाशय गेलं, तिच्या हाती तो वृत्तान्त तिच्या भाषेत पोचला का? नाही पोचला. तिच्या शरीराविषयी जगाला जे कळलं, ते तिला मराठीत कुणी समजावून सांगितलं नाही.

मी साखरेचा इतिहास वाचत गेलो तसा धारूरच्या घाटातला तो ट्रॅक्टर मला पानोपानी दिसत राहिला. सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञानं १९८५ साली साखर आणि सत्ता यांच्या नात्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा, की इंग्लंडातल्या कामगाराच्या चहात जी साखर पडली ती कॅरिबियन बेटांवरच्या आफ्रिकी गुलामांच्या पाठीवर पिकली, आणि या दोन माणसांना एकमेकांचं तोंडही कधी दिसलं नाही. ब्रिटिश साम्राज्यात गुलामी १८३४ साली कायद्यानं उठली. मळे मात्र तसेच होते, त्यांना हात हवेच होते. त्याच वर्षी कलकत्त्याहून मजुरांचं जहाज मॉरिशसला लागलं. करारावर, म्हणजे 'ॲग्रीमेंट'च्या बोलीतल्या 'गिरमिट'वर, अंगठा घेऊन नेलेले म्हणून ते 'गिरमिटिया'. पुढच्या काळात जवळपास साडेचार लाख माणसं त्या बेटावर उतरली, मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही त्यांत होती. त्यांच्या वंशजांचा गणेशोत्सव आज तिथं सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. ते जिथं उतरले तो घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे.

उचल आणि गिरमिट एकच, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. ऊसतोड कामगार मतदार आहे, त्याच्या संघटना आहेत, त्यानं संप करून दर वाढवून घेतलेत. जानेवारी २०२४ मधली ३४ टक्के दरवाढ अशीच लढून मिळाली. समुद्रही आडवा नाही, पट्टा पडला की माणूस घरी येतो. पण काम करण्याआधीच पैसे द्यायचे, त्या पैशानं माणूस बांधायचा, हिशेब मधल्या माणसाच्या वहीत ठेवायचा आणि मालकानं "हे आमचे कामगारच नाहीत" म्हणून हात झटकायचे, ही रीत साखरेनं समुद्रापलीकडं शिकलेली आहे. ती ओळखली की एक फार उपयोगाची गोष्ट हाती लागते. आपल्या नशिबाचा भाग वाटणारी गोष्ट माणसांनी घडवलेली असते, आणि म्हणून ती मोडताही येते. १७९१ च्या सुमाराला इंग्लंडातल्या हजारो घरांनी गुलामांच्या श्रमाची साखर खायचं सोडलं होतं. त्यात बायका पुढं होत्या, ज्यांना मताचा अधिकारही नव्हता. एवढ्यानं गुलामी गेली नाही, पण "हे कुणाच्या श्रमाचं?" हा प्रश्न चहाच्या टेबलावर येऊन बसला. पुण्या-मुंबईच्या मराठी स्वयंपाकघरात तो प्रश्न अजून यायचा आहे.

तिसरी गोष्ट नोकरीची. तिच्याविषयी बीडमध्ये बोलणं अवघड झालंय, म्हणूनच बोललं पाहिजे.

जून २०२४ मध्ये बांगलादेशच्या उच्च न्यायालयानं सरकारी नोकऱ्यांतलं स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांसाठीचं ३० टक्के आरक्षण पुन्हा लागू केलं. विद्यार्थी रस्त्यावर आले. सरकारनं गोळ्या घातल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्या काही आठवड्यांत मेलेल्यांचा आकडा १,४०० पर्यंत असू शकतो. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. ढाक्यात जे पेटलं ते वरवर आरक्षणाविरुद्ध होतं. आपल्याकडं आंदोलन आरक्षण मिळावं म्हणून, आणि दुसरं आंदोलन आहे ते टिकावं म्हणून. दिशा उलट्या, पण त्या तरुणांच्या मुलाखती वाचताना मला बीडच्या अभ्यासिकेतली पोरं आठवत राहिली. वडिलांची शेती परवडत नाही. पदवी आहे, खासगी नोकरी दहा-बारा हजारांची. सुरक्षित म्हणावी अशी एकच जागा: सरकारी. त्या जागा मूठभर, परीक्षा रखडणाऱ्या, वय निघून चाललेलं. त्यामुळं प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या ताटावर. भारतीय कापसाचा आणि सुताचा बांगलादेश हा मोठा खरेदीदार आहे. म्हणजे आपल्या शेतातला धागा ज्या देशात जाऊन शर्ट होतो, त्या देशातल्या पोरांचं आणि आपल्या पोरांचं दुखणंही सख्खं निघालं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात काठमांडूतही तरुणांनी दोन दिवसांत पंतप्रधानांना पायउतार केलं. निमित्त समाजमाध्यमांवरच्या बंदीचं, राग मात्र जुना होता.

१ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठवाडा ढवळून निघाला. ३० ऑक्टोबरला बीड आणि माजलगावात घरं, कार्यालयं जळाली. त्यानंतर या जिल्ह्यात माणसं आडनाव ऐकून चहाचं दुकान निवडू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२५ च्या सुरुवातीला जिल्ह्याच्या पोलीस दलानं छातीवरच्या पट्टीवर आडनाव न लिहिता फक्त नाव लिहायचं ठरवलं. पोलिसाला आडनाव झाकावं लागणं हे जिल्ह्याच्या प्रकृतीचं लक्षण आहे. आणि एकदा झाकून पाहावंसं वाटणं, ही बरं होण्याची इच्छा आहे. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

मराठा पोराचं म्हणणं खोटं नाही. शेती तुटलीय, हे त्याच्या घरातलं वास्तव आहे. वंजारी, धनगर, माळी घरातल्या पोराची भीतीही खोटी नाही. कोयता खाली ठेवून त्याच्या घरातलं पहिलं माणूस नोकरीला लागलं ते याच वाटेनं. दलित आणि बंजारा पोराला तर ही वाट घटनेनं दिली नसती तर कुठलीच नव्हती. न्याय कुणाला किती, हे न्यायालयात आणि विधिमंडळात ठरेल. मला म्हणायचंय ते त्याच्या अलीकडचं. हे सगळे ज्या अरुंद दारापुढं रेटारेटी करतायत, ते दार इतकं अरुंद का झालं, हा प्रश्न एकाही सभेत विचारला जात नाही. कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणणं, रिक्त ठेवलेली पदं, कंत्राटी भरती, हे सगळं मराठ्याच्या आणि वंजाऱ्याच्या घरात सारखंच शिरतं. पावतीवर जातीचा रकाना नसतो. ढाक्याची गोष्ट वाचून हे दिसतं, कारण दूरच्या घरातलं भांडण आपल्याला शांतपणे पाहता येतं. मग तीच नजर परत घरी आणायची असते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की जागतिक कारणं सांगत बसलं की इथला चोर सुटतो. मुकादम म्हणेल बाजार असा, कारखानदार म्हणेल जागतिक भाव तसा, पुढारी म्हणेल ट्रम्पला विचारा. हे खरं आहे, आणि मराठीत असले लेख पुष्कळ लिहिले जातात ज्यांत 'जागतिकीकरण' हा एक शब्द टाकून सगळ्यांना मोकळं सोडलं जातं. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तपासानुसार पवनचक्की प्रकल्पाकडच्या खंडणीच्या वादातून. बालाघाटच्या माथ्यावरचा वारा जगाच्या वीजबाजारात मोलाचा झाला म्हणून पवनचक्क्या इथं आल्या, एवढं जागतिक. पण एका गावच्या सरपंचाला असं मरण यावं, ही वेळ आणणारी दहशत इथली आहे, ती इथंच पोसली गेली. तिचं उत्तर वॉशिंग्टनमध्ये शोधणं हा पळपुटेपणा ठरेल.

म्हणूनच साखळी कडी-कडीनं वाचायची. प्रत्येक कडीवर कुणीतरी बसलेलं असतं आणि त्याचं दार ठोठावता येतं. आयात शुल्क कापूस निघायच्या महिन्यांत का उठवलं, हा प्रश्न खासदाराचा. ओलावा यंत्रानं न मोजता दातानं का मोजला, हा बाजार समितीचा. उचलीचा हिशेब छापील का नाही आणि बाईचं नाव त्यावर का नाही, हा मुकादमाचा आणि कारखान्याचा. तिशीतल्या बाईचं गर्भाशय काढण्याआधी दुसरं मत घेतलं होतं का, हा आरोग्य खात्याचा. "सगळं वरूनच ठरतं" म्हणणारा आणि "सगळा दोष शेजाऱ्याचाच" म्हणणारा, दोघंही या दारांपर्यंत कधीच पोचत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा: वाचून पोट भरतं का? भरत नाही. पण महाराष्ट्रात पोट भरण्याचे जे काही मोठे मार्ग निघाले, त्यांच्या मागं कुणीतरी जग वाचलेलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तिथल्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामातल्या त्यांच्या त्यागासाठी. पुण्यात बसून त्यांनी मिसिसिपीकाठचं दुःख वाचलं आणि ते शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशेजारी ठेवलं. कुतूहल शमवण्यासाठी वाचलेलं नव्हतं ते. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली मुंबईतल्या तरुण दलित लेखकांनी आपल्या संघटनेचं नाव ठेवताना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची 'ब्लॅक पँथर' ही संघटना डोळ्यांपुढं ठेवली. आपली पावती हातात घेऊन जग वाचायची परंपरा मराठीत दीडशे वर्षांची आहे. ती नव्यानं काढायची नाही, तुटलेला धागा गाठायचा आहे.

आणि व्यवहार एकतर्फीही नव्हता. त्याच १९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या आमच्या आधीच्या पिढीनं अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, त्यांची चव घरोघरी अजून निघते. सुकडी खात, रणरणत्या उन्हात खडी फोडत बायकांनी ते वर्ष काढलं. पण त्या खडीच्या ढिगांतूनच महाराष्ट्रानं रोजगार हमीचं तत्त्व उभं केलं: मागेल त्याला काम, आणि ते हक्क म्हणून. १९७७ साली त्याचा कायदा झाला, २००५ साली देशानं तसाच कायदा केला आणि जगभरचे अभ्यासक तो शिकायला आले. जगानं आपल्याला मिलो दिली, आपण जगाला एक विचार दिला. खडी फोडणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलंय का, की तिच्या घामातून निघालेला नियम परदेशातल्या विद्यापीठांत शिकवतात? सांगायला हवं. दुसऱ्याच्या दयेवर जगलो ही आठवण आणि आपण काही घडवलं ही आठवण, यांतली कुठली घेऊन माणूस उद्या उभा राहतो, याला फार महत्त्व आहे.

इथं प्रश्न येतो भाषेचा. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. पंडितांच्या भाषेतलं अवघड तत्त्वज्ञान लोकांच्या बोलीत उतरवण्याचं काम त्यांनी केलं, आणि परंपरा त्यांच्या 'विवेकसिंधू' या ग्रंथाचा काळ ११८८ चा सांगते. संतकवी दासोपंतांची पासोडी त्याच गावात आहे, कापडावर लिहिलेलं ज्ञान. जी भाषा अंगावर पांघरायच्या कापडावर तत्त्वज्ञान लिहू शकली, तिला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. आपण फटाके वाजवले. पण आज ज्या विद्येवर आपले भाव, मजुरी आणि नोकऱ्या ठरतात ती जवळजवळ सगळी इंग्रजीत आहे. वायदेबाजार, व्यापार करार, आयातीच्या अधिसूचना, ऊसतोड बायकांवरची संशोधनंसुद्धा. ती मराठीत आणणं, आणि तीही परीक्षेच्या गाइडासारखी नव्हे तर जिनिंगच्या फाटकावर उभं राहून बोलता येईल अशा मराठीत आणणं, हे मुकुंदराजांच्या गावाचं आजचं काम आहे. भाषेचा मान वाढतो तो तिच्यात काय काय कळतं त्यावरून.

हे काम मोठ्या संस्थांची वाट पाहणारं नाही. गावागावात ग्रंथालयं आहेत, अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षेची पोरं रोज चालू घडामोडी पाठ करतात. युक्रेनची राजधानी त्यांना येते, आयात शुल्काची टक्केवारीही येते. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ते पाठांतर सोडून, गावातल्या एकाच पावतीवर बसावं. ही पावती कुणी लिहिली? यातला आकडा कुठून आला? यात काय लिहिलेलं नाही? या तीन प्रश्नांनी कापसाची पावती वाचता येते, आणि याच तीन प्रश्नांनी युद्धाची बातमीही वाचता येते. व्यापाऱ्याच्या पावतीवर ज्यानं कधी शंका घेतली नाही, तो मोबाइलवर आलेल्या भडकाऊ संदेशावर कशी घेणार?

काकांना मी आठवड्यानं भेटलो. कागदावर रेघा ओढून साखळी दाखवली: युक्रेन, तेल, शुल्क, कपड्यांच्या गिरण्या, परदेशी गाठी, मग ओलावा, मग मजुरीची घाई. ते बराच वेळ त्या कागदाकडं पाहत राहिले. मग बोट ओलाव्याच्या रेघेवर ठेवून म्हणाले, "हे येवढं तं आपल्याच्यानं व्हईल." पुढच्या गाडीला ते शेजारच्या दोघांना घेऊन गेले आणि यंत्रानं ओल मोजायचा आग्रह धरून बसले. भाव फार वाढला नाही. ओल मात्र त्या दिवशी यंत्रानं मोजली गेली.

त्यांची सून त्या दिवाळीनंतर कोल्हापूरकडं तोडीला गेली, लेकासोबत, एका कोयत्यात. जायच्या आदल्या दिवशी उचलीचा कागद आला तेव्हा तिनं तो सासऱ्यापुढं धरून विचारलं, "मामंजी, ह्यात माझं नाव कुठंय?" कागदावर तिचं नाव नव्हतं. ती अंगठा न देता कागद घेऊन बसली आणि मुकादमाला दुसरा कागद करून आणावा लागला. त्यावर दोन नावं आहेत. रक्कम तीच आहे, काम तेच आहे, फडातली थंडी तीच आहे. पण बीडमधून साखरेच्या जगाकडं जाणाऱ्या हिशेबाच्या एका कागदावर एका बाईचं नाव तिच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं.